आफ्रिका ठरवण्यात गेलेला उन्हाळा

कूलरच्या वाळ्याला पहिलं पाणी लागलं की जो वास सुटतो, तो मला आता सोसत नाही. पूर्वी फार आवडायचा. यंदा विलासनी माळ्यावरून कूलर उतरवला, जाळ्यांत नवा वाळा भरला, बादलीभर पाणी ओतून बटण दाबलं, आणि तो ओला, मातकट, गार वास घरभर पसरला, तशी मी स्वयंपाकघरात उगीच भांडी आपटायला लागले.

"काय झालं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"काय नाय," म्हटलं.

झालं काहीच नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात याच वासात बसून आम्ही आफ्रिकेला निघालो होतो आणि आमच्या बजाजनगरच्या पुढं गेलो नव्हतो, एवढंच.

मी गुरांची डॉक्टर. निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. सगळी नोकरी गंगापूरच्या बाजूच्या दवाखान्यांत गेली. विलास, माझे यजमान, वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. माझ्या मागाहून तेही घरी बसले. मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरात आम्ही दोघं, एक कूलर, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, जी कधी भरेल ते पाणी सोडणाऱ्यांनाच ठाऊक.

गोव्याला चला म्हटलं तर "तिथं काय, पाणीच हाय" म्हणणारा हा माणूस. निवृत्तीनंतर, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, एक दिवस जेवताना म्हणाले, "आपण मसाई माराला जाऊ."

मी ताकाचा पेला खाली ठेवला. "कुठं?"

"केनियात. जुलै-ऑगस्टात तिथं लाखांनी जनावरं नदी ओलांडतात. नदीत मगरी, काठावर सिंव्ह, तरी ओलांडतात."

"जनावरं बघायला? मग मी आयुष्यभर काय बघितलं?"

"तू बघितली ती बांधलेली," ते म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले.

ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. खरंच की. पोट फुगलेली गाय, आचळाला सूज आलेली म्हैस, पाय अडकलेलं वासरू, डोळे पांढरे केलेली शेळी. धडधाकट जनावर माझ्याकडं कुणी कधी आणलं नाही, आणि का आणावं. गोठ्यात शिरले की माझी नजर आधी नाकपुडीवर, मग डोळ्यांच्या आतल्या लालीवर, मग शेणावर. नुसतं चरणारं जनावर नुसतं बघत उभं राहायचं, असा रिकामा वेळ मला मिळालाच नव्हता. भांडी घासता घासता मी ठरवून टाकलं, जायचं.

मग दिवाणखान्याच्या भिंतीवर पूर्व आफ्रिकेचा नकाशा लागला. अंबोसेलीला हत्ती आणि पाठीमागं बर्फाचा डोंगर. मग मसाई मारा. तिथून सीमा ओलांडून टांझानियात सेरेंगेटी, आणि शेवटी गोरोंगोरो, म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटातलं अख्खं जंगल. विलास बोट फिरवत नावं घ्यायचे आणि मी त्यांना जनावरं शिकवायचे. नदी ओलांडणारं ते विल्डबीस्ट म्हणजे काय ते सांगताना मीच हसले होते. धड बैलाचं, शेपटी घोड्याची, दाढी बोकडाची, आणि चेहरा आमच्या दवाखान्यात लस टोचून घ्यायला आलेल्या सगळ्या बैलांसारखा, आपलं आता कसं होणार अशा चिंतेत बुडालेला.

छावणी भागात इरफानभाईंचं तिकिटांचं दुकान आहे. ते पूर्वी विलासबरोबर कारखान्यात होते, नंतर लोकांना हज-उमऱ्याला नेता नेता सगळ्या जगाची तिकिटं काढायला लागले. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी चहा मागवला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "भाबी, जानवरां अपने से पूछको थोडी चलते. उधर पानी गिरा, घास उगी, के चले. जुलै का आखिर पकडो. दिखे तो दिखे, बाकी ऊपरवाले पे."

"नहीं दिखे तो?"

"तो घास दिखेगी. घास बी देखने की चीज है."

त्या दिवशी आम्ही घरी आलो ते जवळजवळ निघालेल्या माणसांसारखेच. चूक एवढीच झाली, की पुढच्याच रविवारी चिकलठाण्याला एका बारशाला विलासनी ही गोष्ट पुष्पाताईंना सांगितली.

पुष्पाताई म्हणजे विलासची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच यांना न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं. त्यांच्यापुढं विलास अजूनही हाफपॅन्टीतच असतात. ताई म्हणाल्या, "एकटेच जाता व्हय रे? आम्ही बी येतो की." आणि ताई आल्या म्हणजे दाजी आले. दाजी, ताईंचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दोन सोसायट्यांचे अध्यक्ष. बैठक बोलावणं हा त्यांचा श्वास आहे. मांडव सुटायच्या आत त्यांनी व्हॉट्सअॅपवर गट काढला होता. पहिला निरोप आला, "प्रवासाच्या रूपरेषेबाबत प्राथमिक बैठक, विलासच्या घरी, चौदा एप्रिलच्या जयंतीनंतरच्या रविवारी."

त्या उन्हाळ्यातल्या बैठका आठवल्या की मला अजून कानशिलं गरम झाल्यासारखी वाटतात. बाहेर डांबर मऊ पडलेलं, समोरच्या लिंबाची पिवळी पानं वाऱ्याबरोबर फरशीवर खरवडत जायची, कूलर दमेकऱ्यासारखा घरघर करत असायचा, आणि आत दाजी वहीऐवजी एका जाड फायलीवर हात ठेवून विचारायचे, "तर, विषय पहिला, तारीख."

"जुलैचा शेवट," मी म्हणायचे.

"जुलैत नाय जमायचं. नातवाची शाळा असते. त्याला बी घ्यायचंय. दिवाळीत करू."

"दाजी, दिवाळीत जनावरं तिथं नसतात. पाऊस सरकतो तशी ती परत खाली सेरेंगेटीकडं उतरतात."

"सगळीच जातात व्हय? थोडी तर राहतील."

यावर सगळे हसले. मीही हसले असेन पहिल्यांदा. पण तेच वाक्य दुसऱ्या बैठकीत आलं, तिसऱ्या बैठकीत आलं, फोनवर आलं, आणि मग मला कळायला लागलं, की या वाक्याला उत्तरच नाही. जनावराची वेळ असते, ती गाठावी लागते, हे ज्याला पटवायचं त्याच्या डोक्यात जंगल म्हणजे गावातलं सिद्धार्थ उद्यान होतं. तिकीट काढलं की प्राणी पिंजऱ्यात हजर.

तारखेवरून अडलं की जेवण निघायचं. ताईंना चहा सोडून बाहेरचं काही चालत नाही. मग बरोबर आचारी नेणारी सहल शोधा. ती मिळाली तर तिला जुलैत जागा नाही. मग ताईंचे गुडघे. दिवसभर उघड्या जीपमध्ये खड्ड्यांतून हेलकावे खायचे. मग त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सुनंदा, रानात बाईमाणसानं मध्येच जायचं म्हटलं तर गं? झुडपामागं सिंव्ह असला म्हणजे?" हा प्रश्न मात्र खरा होता आणि त्याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. मी इरफानभाईंना विचारलं, इरफानभाईंनी नैरोबीला विचारलं, तिकडून उत्तर आलं की चालक आधी गाडी झुडपाभोवती फिरवून बघतो. ताईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग मी पाणीच पिणार नाय." दाजी म्हणाले, "हा मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ." आणि गोरोंगोरोचं नाव निघालं की ताई हमखास म्हणायच्या, "ते घोरोंघोरो कशाला? घोरणारे घरीच हायेत."

मधेच नळाला पाणी यायचं. आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी. कुणीतरी खालून ओरडायचं आणि बैठक तिथंच मोडायची. मी मोटार सुरू करायला पळायचे, विलास गच्चीवर टाकी बघायला. परत येऊन बसावं तर दाजी पुन्हा पहिल्यापासून, "तर, विषय पहिला."

विलास या सगळ्यात गप्प बसायचे. पाहुणे गेले की मी त्यांच्यावर उखडायचे. "तुम्ही का बोलत नाही? आफ्रिका तुमची, नकाशा तुमचा, आणि भांडायचं मी?"

"ताई म्हणते तर..."

"ताई आईच्या जागी, मान्य. पण नदी ताईंसाठी थांबणार आहे का?"

ते नकाशाकडं बघत बसायचे. एकदाच म्हणाले, अगदी हळू, "जुलैच बरा. पुढं ढकलू नये." मला वाटलं, नदीमुळं म्हणताहेत.

असं करत चैत्र गेला, वैशाख गेला. आंबे आले आणि संपतही आले. शेवटी मीच एका बैठकीत सांगून टाकलं, की आम्ही दोघं जुलैत जातोय, कुणाला यायचं त्यानं यावं. ताईंचा चेहरा पडला. दाजींनी फायल बंद केली. मग विलास म्हणाले, "आधी लस तर घेऊ सगळे. ती जुलैला बी लागते, दिवाळीला बी." हा त्यांचा स्वभाव. दोन्ही बैल एका जुवाला लागेनात, तर निदान एका झाडाला बांधून ठेवायचे.

पीतज्वराची लस घेतल्याशिवाय त्या देशातून परत येताना इथं अडवतात. ती आपल्या गावात मिळेना. पहाटेची गाडी पकडून आम्ही चौघं मुंबईला गेलो. दुपारी त्या केंद्रात पोचलो, तर तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "आज माणसं कमी आलीत. एकदा कुपी फोडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते. पुढच्या आठवड्यात या."

मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हेच वाक्य मी जन्मभर म्हणत आले होते. लाळ्या-खुरकताची लस घ्यायला कुणी एकच गाय घेऊन आला, की मी सांगायचे, एकट्या गाईसाठी बाटली फोडता येत नाही, गल्लीतली सगळी जनावरं जमवून आण, मग टोचते. तो बिचारा गाय हाकत परत जायचा. आता मी बाकड्यावर बसले होते आणि माझ्या शेजारी ताई, दाजी, विलास असे ओळीनं बसले होते. माझ्या संतापाला जायला जागाच राहिली नाही. दाजी तेवढ्यात विचारत होते, "तक्रार अर्ज कुणाच्या नावे करायचा?"

त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. साठीच्या पुढच्यांना ही लस जपून देतात, तेव्हा येताना आपापल्या डॉक्टरांचं पत्र घेऊन या. म्हणून घरी आल्यावर आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विलासचा रक्तदाब बघितला, छाती तपासली आणि विचारलं, "बाकी काही त्रास?"

"काचबिंदूचे थेंब चालू आहेत," मीच सांगितलं. ते थेंब घरात इतकी वर्षं होते की मिठाच्या बरणीसारखे झाले होते.

"शेवटची तपासणी कधी केली?"

विलास चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. डॉक्टरांनी पत्राचा कागद बाजूला सारला. "आधी डोळे दाखवून या. लांबचा प्रवास आहे."

जालना रोडवरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यातली अंधारी खोली. समोर एक पांढरा, आतून गुळगुळीत घुमट. विलासनी त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडं बघायचं, आजूबाजूला कुठंही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला मागच्या स्टुलावर बसू दिलं होतं. तिथून मला घुमटाची एक बाजू दिसत होती. मधोमध ठिपका चमकला, टक, बटण वाजलं. जरा बाजूला चमकला, टक. मग कडेला चमकला. बटण वाजलं नाही. वर चमकला. नाही. खाली, पार डावीकडं, पुन्हा वर. खोलीत नुसता यंत्राचा बारीक आवाज. मला ते उजेड स्पष्ट दिसत होते. माझा अंगठा आपोआप मुठीवर दाबला जात होता. मी त्यांच्या वतीनं दाबत होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

डॉक्टर तरुण होत्या, नीट समजावून सांगणाऱ्या. "मधली नजर चांगली आहे. पेपर वाचता येतो, चेहरा ओळखता येतो, म्हणून पेशंटच्या ध्यानात येत नाही. पण कडा गेल्या आहेत. उजव्या डोळ्याचं प्रेशर थेंबांना दाद देत नाही. ऑपरेशन लवकर करावं लागेल. गेलेलं परत येणार नाही. आहे ते राखायचं."

"आणि प्रवास?"

"ऑपरेशननंतर काही महिने दवाखाना जवळ हवा. धुळीत तर मुळीच नाही."

टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, ती माझ्या डोळ्यांपुढं आली. रस्ता समोरचा दिसावा, बाजूचं काही दिसू नये म्हणून.

घरी आल्यावर विलास नकाशासमोर उभे राहिले. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"थोडं थोडं. दाराच्या चौकटीला खांदा घासाया लागला तवापासून."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू आफ्रिकेला नेलं नसतंस. दवाखान्यात नेलं असतंस."

हे इतकं खरं होतं की मला त्यांना मारावंसं वाटलं.

मग ते खाली बसले आणि सावकाश बोलायला लागले. "माझी सगळी नोकरी भिंगाखाली गेली. केसापेक्षा बारीक फरक बघायचा. एका वेळेला दिसायचं काय, तर बोटाच्या पेराएवढं लोखंड. डोकं वर केलं तर पत्र्याची शेड, शेडच्या बाहेर कंपाउंड, कंपाउंडच्या बाहेर दुसऱ्या कारखान्याचं कंपाउंड. घरी आलो तर समोरच्याची गॅलरी. मला सिंव्ह-वाघाचं काय नाय गं. मला एकदा रुंद बघायचं होतं. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये काय न येता. म्हणून म्हणत होतो, जुलैच धरू."

कूलर घरघरत होता. मला जोरात ओरडायचं होतं, पण कुणावर? आंब्याच्या सगळ्या दिवसांवर? तारखेवर, जेवणावर, झुडपावर, "थोडी तर राहतील"वर खर्ची पडलेल्या त्या रविवारांवर? जुलैत गेलो असतो तरी कडा परत आल्या नसत्या, हे मला कळत होतं. शिकलेली बाई आहे मी. आणि फेब्रुवारीतच त्यांनी तोंड उघडलं असतं तर कदाचित आणखी थोडं वाचलं असतं, हेही कळत होतं. कळण्यानं राग कमी होत नाही. त्याला फक्त बसायला जागा उरत नाही, आणि मग तो घरभर हिंडतो.

जुलैच्या ज्या आठवड्यात आम्ही मारा नदीच्या काठावर असायचो, त्या आठवड्यात विलास डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर होते. आणि माझ्या चिडण्याची शेवटची सोयसुद्धा दाजींनी काढून घेतली. ऑपरेशनच्या दिवशी ते सकाळपासून दवाखान्यात बसून होते. तीच जाड फायल मांडीवर, आता तिच्यात विलासचे रिपोर्ट तारीखवार लावलेले. डॉक्टरांनी कुठलाही कागद मागितला की दाजी तो न शोधता काढून द्यायचे. ताई बॅग घेऊन राहायलाच आल्या. दर दोन तासांनी थेंब घालायचे होते. मी एखादी वेळ डुलकी घेतली असेल, ताईंनी घेतली नाही. भावाची मान मांडीवर घेऊन, त्याच्या पापण्या दोन बोटांनी उघडून त्या थेंब सोडायच्या आणि वर म्हणायच्या, "हलू नको. ल्हानपणी बी असाच हलायचा." अशा माणसांवर चिडायचं कसं, सांगा.

दिवाळीत ताई-दाजी नातवाला घेऊन केनियाला गेले. आचारी असलेली सहल मिळाली होती. ताई तयार नव्हत्या. विलासनीच हट्ट धरला, "तू जा ताई, आन मला येऊन सांग." आल्यावर आमच्याच घरी सगळे जमले. दाजींनी फोन विलासच्या हातात दिला. सिंहीण गाडीच्या सावलीत येऊन बसलेली. जिराफ काटेरी बाभळीचा शेंडा खाताना. नदीपलीकडं विल्डबीस्टची एक छोटी रांग.

"बघ," दाजी म्हणाले, "सांगितलं होतं ना, थोडी राहतात."

विलास बारकाईनं बघत होते. फोनचा पडदा त्यांच्या उरलेल्या नजरेत बरोबर मावत होता. सिंहिणीच्या मिशासुद्धा त्यांना दिसल्या. "कानाला जखम हाय तिच्या," ते म्हणाले. सगळे खूश झाले. कुणीतरी म्हणालं, "दिसतंय की चांगलं. आता कशाला जायचं एवढ्या लांब?" विलास हसले. मी उठून आत गेले.

ताई माझ्या मागोमाग आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनंदा, तिथं नुसतं आभाळ होतं गं. मान फिरवून फिरवून दुखली, तरी सरंना. ते फोनात मावलंच नाय. त्याला कसं सांगू मी?" आणि त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या मनात जी हळहळ होती ती मला एकटीलाच होती असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं.

हिवाळ्यात एकदा विलास म्हणाले, "तू एकटी जाऊन ये. तुला बी मोकळी जनावरं बघायची होती."

"आणि तुम्हाला फोनवर दाखवू?"

"मंग काय झालं?"

"मी तुमचा फोन नाय," मी म्हणाले. त्यानंतर दोन दिवस आमच्यात मीठ-पाणी मागण्यापुरतंही बोलणं नव्हतं.

यंदा उन्हाळा लागायच्या आधीच मी एकटीनं छावणी गाठली. इरफानभाईंना सांगितलं, दोघांचंच तिकीट, जुलैचा शेवट, फक्त मारा. अंबोसेली नको, सेरेंगेटी नको, गोरोंगोरो नको. एकाच जागी राहायचं आणि बघायचं. ते म्हणाले, "हौ भाबी, ये सही है," आणि विलासच्या डोळ्यांचं काही विचारलं नाही. डॉक्टरांनी होकार दिला तोही अर्धाच. प्रेशर असंच राहिलं तर जा, थेंब चुकवू नका, धुळीचा चष्मा उतरवू नका, शेवटची तपासणी निघण्याआधी. म्हणजे निघायच्या आठवड्यापर्यंत काहीच पक्कं नाही. लस मात्र झाली. या खेपेला माणसं पुरेशी जमली होती. आणि नदी? तिचं तर कुणीच सांगू शकत नाही. आम्ही असू त्या दिवसांत जनावरं ओलांडतील, किंवा काठावर येऊन, पाणी हुंगून, माघारी फिरतील.

ताईंना मी फोनवर सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ह्यांचं मी बघते. तुम्ही जावा. पाणी पीत जा मात्र, मी पिले नव्हते, लई त्रास झाला."

दवाखान्यातल्या एक बाई विलासना मान फिरवून बघायला शिकवतात. कडा गेलेल्या माणसानं समोर बघत बसायचं नसतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर सावकाश न्यायची, पट्टी-पट्टीनं, आणि त्या पट्ट्या डोक्यात जोडायच्या. त्यासाठी आम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर जातो. बाईंनी मला बजावलंय, तुम्ही सांगायचं नाही, त्यांना शोधू द्या. हे माझ्याच्यानं फार कठीण जातं. मला सगळं एका दमात दिसतं आणि हा माणूस शेत नांगरल्यासारखा आभाळ नांगरत असतो.

काल ते उजवीकडून सुरू झाले. "चिमणी," म्हणाले. "धूर. पत्रे. टॉवर." थोडी मान वळली. "पाण्याची टाकी. लाल गाडी. लिंब." मला दिसलं, डावीकडून बगळ्यांचा मोठा थवा येत होता, खालून, पांढराशुभ्र, ऊन पंखांवर घेऊन. विलास अजून लिंबावर होते. मी कठडा घट्ट धरला. "लिंबाच्या मागं इमारत. तिच्यावर कपडे वाळत घातलेत." थवा डोक्यावर आला, पुढं सरकला, दौलताबादच्या बाजूला पातळ होत चालला. मी ओठ दाबून धरले. त्यांची मान इंचाइंचानं फिरत होती. पलीकडच्या गच्च्या, मग मोकळं माळरान, मग डोंगराची रेघ. थव्याची शेपटी डोंगराला टेकली तेव्हा कुठं त्यांची नजर तिथं पोचली.

"बगळे," ते म्हणाले. "दोन."

"हं," मी म्हणाले.

"किती होते?"

"बरेच होते."

त्यांनी बोटानं डोंगरापासून डावीकडं हवेत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "म्हंजे तिथं, माराला, डावीकडून सुरू करावं लागंल."

आणि मान पार डावीकडं नेऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली.